टाक सोन्याचाच करायचा

२ जानेवारी १९९४, रविवार

...तोवर बंबातलं पाणी कडकडीत व्हायचं. रात्रपाळी सुटली की हे चिकलठाण्याहून येत, कंपनीच्या कपड्यांवर घोंगडी पांघरून. घोंगडी मी खुंटीला टांगायची, चहा ठेवायची, नळ यायच्या आत हंडे घासून दारात मांडायची. रात्रभर लेथवर पितळेच्या तोट्या कातून आलेल्या माणसाला बोलायचं त्राण नसतं. हे चहा बशीत ओतून प्यायचे आणि झोपायचे. सुपाचा आवाज नको म्हणून मी ज्वारी निवडायला बाहेर ओट्यावर बसायची. बस, एवढंच. आज बंब पेटवताना तसली एक सकाळ आठवली. त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं.

असो. मोतीरामनं आज पुन्हा टाकाचा विषय काढला. दोन बोटांचा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेला माणूस. तो देव्हाऱ्यात बसवला की गेलेलं माणूस देवांत गेलं. हे जाऊन तीन वर्षं झाली आणि यांचा टाक झालेला नाही, हे खरं आहे. पण त्याला कारणं आहेत. पहिल्या वर्षी अधिक महिना आला. दुसऱ्या वर्षी सोनार पसंत पडला नाही. तिसऱ्या वर्षी परत अधिक महिना आला. तो काही मी आणला नाही.

सून सत्यभामा म्हणाली, आत्याबाई मुद्दाम लांबवतात. चूक. मला टाक सोन्याचा करायचा आहे, एवढंच. चांदीचा काय, कोणाचाही असतो. मोतीराम म्हणाला, आई, सोनं आणायचं कुठून? मी म्हणाले, ते माझ्यावर सोड.

निश्चय: सोनं आणणे. कुठून ते उद्या ठरवू.

५ जानेवारी, बुधवार

ठरलं!

गुलमंडीला रद्दीवाल्याकडं एक पुस्तक मिळालं. मी वाचायला शिकले ती भेळीच्या पुड्यांवर, त्यामुळं रद्दीवाल्यापाशी मला घरच्यासारखं वाटतं. पुस्तक लहान आहे. विषय: नवशिक्यांनी कुटुंबासह सहलीला जाऊन नदीच्या वाळूतून सोनं कसं काढावं. चित्रात हॅट घातलेला माणूस नदीत उभा आहे, हातात परात. मागं तंबू, बायको, दोन मुलं. सगळे हसताहेत. परात अगदी आपल्यासारखी.

सोपं आहे. परात अर्धी वाळूनं भरायची, पाण्याखाली धरून गोल फिरवायची. हलकी वाळू वाहून जाते, सोनं जड म्हणून तळाला राहतं. मी जन्मभर तांदूळ धुतले, खडे काढले. मला नवशिकी म्हणणंसुद्धा बरोबर नाही.

अर्धं पुस्तक रात्री वाचून झालं. 'खोटे सोने कसे ओळखावे' हे प्रकरण सोडून दिलं. आपल्याला खोटं घ्यायचंच नाही.

अडचण: तंबू, नदी, कुटुंब.

८ जानेवारी, शनिवार

तिन्ही अडचणी सुटल्या. मनात आणलं की होतं.

चौदा तारखेला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागणार असं जो तो बोलतो. मोतीराम म्हणाला, बंद होईल, दगडफेक होईल, आपण चार दिवस बिरूमामाकडं जाऊ, मी रजा टाकतो. बिरू माझा धाकटा भाऊ. आमच्या घरात मेंढरं आता त्याच्याकडंच राहिली. सध्या त्याचा कळप फुलंब्रीच्या अलीकडं नानासाहेबांच्या रानात बसवलाय. मेंढरं रात्री वावरात बसतात, वावराला खत मिळतं, बिरूला ज्वारी मिळते. आणि रानाला लागून गिरजा नदी आहे. मी लगेच हो म्हणाले. एवढ्या लवकर कशी तयार झाली म्हणून दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

शेजारच्या लक्ष्मीबाईला सांगितलं. तिचा मालक नामांतरासाठी दोनदा जेलात जाऊन आलाय. ती पोट धरून हसली. म्हणाली, अगं बानाबाई, भ्यायचं आम्ही, आणि बिऱ्हाड तुमचं चाललं व्हय? तुला कोण मारतंय? मी म्हणाले, तू पण चल. ती म्हणाली, नाय गं बाई. सोळा वर्षं वाट बघितली, आता गेटापाशी मी नसले तर काय उपयोग? मग माझ्या हातातली परात बघून म्हणाली, आणि हे काय, नदीत भाकरी थापणार का? तिला पुस्तकाचं सांगितलं. तिनं नावं ठेवली नाहीत. एवढंच विचारलं, टाक चांदीचा केला तर ते ओळखणार नाहीत का तुला?

तेवढ्यात नळ आला. मी हंडा घेऊन उठले.

११ जानेवारी, मंगळवार. बिरूच्या तळावर

पोचलो. एस.टी.नं फुलंब्री, पुढं नानासाहेबांची बैलगाडी. सामान: परात, चाळण, पुस्तक, मोतीरामची निळी ताडपत्री, सत्यभामेचा स्टोव्ह. यांची घोंगडी पण आणली. थंडीसाठी. पांघरणार नाही, नुसती आणली.

मोतीरामनं ताडपत्रीचा तंबू केला. दोनदा पडला. तिसऱ्यांदा बिरूनं बांधला. बिरू आणि त्याची बायको वच्छला स्वतः उघड्यावर झोपतात, मेंढरांच्या जाळीला डोकं लावून. सत्यभामा म्हणाली, कुत्री भुंकतात. वच्छला म्हणाली, भुंकायचीच हायेत, गाणी म्हणायला नाय ठेवली.

नदीला पाणी कमी आहे. पुस्तकात नदी मोठी होती. पण मोठ्या नदीत सोनं पसरतं, लहान नदीत एका जागी सापडतं. हे पुस्तकात नाही, मी काढलं.

१२ जानेवारी, बुधवार

उजाडताच नदीवर. पाणी बर्फ.

पहिली परात: सगळी वाळू गेली. सोनं असलंच तर तेही गेलं.
दुसरी परात: वाळू राहिली, पाणी गेलं.
तिसरी परात: हात बधिर झाले आणि परातच गेली. वाहत खाली निघाली. बिरू मेंढरांना पाणी पाजत होता, त्यानं काठीनं अडवली. म्हणाला, आक्का, ही धर तुझी होडी.

पण आठव्या परातीला तळाशी बारीक काळी वाळू राहिली. पुस्तक काढून बघितलं. स्पष्ट लिहिलंय, काळी वाळू ही सोन्याची शुभ खूण. मी ओरडलेच. सगळे धावत आले. बिरू वाळू बघून म्हणाला, आक्का, इथला डोंगर काळा, धोंडा काळा, माती काळी. वाळू का पांढरी निघंल? आपल्या बापानं अन् आज्यानं याच पाण्यात मेंढरं धुतली. सोनं असतं तर एखाद्या मेंढरानं तरी सांगितलं नसतं का?

त्यांनी परात आणली नव्हती, हे मी त्याला सांगितलं.

संध्याकाळी सत्यभामेनं परातीत कणीक मळली. पोळ्या कचकच लागल्या. कोणी माझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

निश्चय: उद्या वीस पराती. कंबर दुखते, पण ती थंडीनं.

१३ जानेवारी, गुरुवार. भोगी

वच्छलानं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी केल्या. मी सात पराती केल्या. वीस म्हटल्या होत्या, पण सणाच्या दिवशी जास्त काम करू नये.

मोतीरामनं बाहेर बोलावलं. म्हणाला, आई, झालं ना आता? मी गेल्याबरोबर चांदीचा सांगतो सोनाराला. बाबा देव्हाऱ्यात नाहीत, मला बरं वाटत नाही. पोराचा आवाज यांच्यासारखा झालाय. मी म्हणाले, दोन दिवस थांब. तो म्हणाला, दोन दिवसांनी काय होणार? मी म्हणाले, पुस्तक अजून पुरं झालेलं नाही.

आणि खरंच, रात्री बॅटरीवर पुढचं पान वाचलं आणि उठून बसले. जुन्या काळी लोक मेंढीचं कातडं वाहत्या पाण्यात पसरून ठेवत. लोकरीत सोन्याचे कण अडकत. परातीची गरजच नाही! लोकर. मेंढरं. म्हणजे हे काम मुळात आपल्याच लोकांचं. दोन दिवस मी उगाच हॅटवाल्याच्या मागं लागले.

लगेच बिरूला उठवलं. घोंगडी दे म्हणाले. तो म्हणाला, आक्का, कशाला? सांगितलं. तो डोळे चोळत उठून बसला. मग म्हणाला, घोंगडी कुणी रात्रभर पाण्यात घालतं व्हय? तिची खळ जाईल, आटून चिंधी होईल. धनगराच्या लेकीला हे सांगावं लागतंय का? आणि तोंडावरून घोंगडी ओढून झोपला.

चिंचोक्याची खळ जाते हे मला माहीत आहे. पण परत लावता येते.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

सकाळी सत्यभामा आणि वच्छला नानासाहेबांच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या. वच्छला म्हणाली, वन्सं, तुम्ही बी चला, बसा नुसत्या. मी म्हणाले, मला वेळ कुठं आहे, नदीवर काम आहे. खरंच काम होतं.

तळावर कोणी नव्हतं. कोणाची घोंगडी न विचारता घेणं बरं नाही. ताडपत्री लोकरीची नाही. सगळा विचार केला. मग यांची घोंगडी काढली.

तीन वर्षं ती ट्रंकेत होती, घडी मोडली नव्हती. कडुनिंबाचा पाला घालत होते, तेवढंच. उलगडली. जरा वेळ मांडीवर घेऊन बसले. मग नदीवर नेली. धारेत पसरवली, चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले. पाण्याखाली ती माणसासारखी पडून होती. तसं काही नव्हतं, घोंगडीच होती.

यांचाच टाक, मग यांच्याच घोंगडीनं सोनं धरावं. हे बरोबर आहे. मला पटलं आहे.

संध्याकाळी मोतीरामच्या ट्रान्झिस्टरवर बातमी आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. लक्ष्मीबाई आता गेटापाशी असेल. बिरूनं विचारलं, शहरात काही गडबड? मोतीराम म्हणाला, नाही, शांत आहे. म्हणजे आपण उगाच आलो, सत्यभामा म्हणाली.  मी उगाच आले नव्हते.

रात्री थंडी फार. वच्छला म्हणाली, वन्सं, भावजींची घोंगडी घ्या की. मी म्हणाले, नको, उकडतं.

१५ जानेवारी, शनिवार

पहाटे

नदीवर गेले. घोंगडी जागेवर. उचलेना. पाणी पिऊन दगड झाली होती. ओढत काठावर आणली. पहिलं पाणी धारेतच पिळलं. नंतर लक्षात आलं की परातीत पिळायचं होतं. पुढचं सगळं परातीत पिळलं. मग चाळलं, फिरवलं, पुस्तकात आहे तसं.

सकाळ

पिवळं!

काळ्या वाळूत पिवळं. चिमूटभर आहे, पण आहे. उन्हात चमकतं. पुस्तकातल्या चित्रात सोन्याचे कण गोल आहेत. आपले लांबट आहेत, काही तर केसासारखे वळलेले. नदी वेगळी, सोनं वेगळं. परात पदरानं झाकून ठेवली.

अजून कोणाला सांगितलं नाही. टाक करून उरलं तर सत्यभामेला कानातलं. परातीबद्दल तिनं बरंच सोसलं. बिरूला काही देणार नाही. आधी त्यानं मेंढरांची माफी मागावी, शेवटी त्यांच्याच लोकरीनं सोनं सांगितलं.

दुपार

सगळ्यांना बोलावलं. रुमालावर पसरून दाखवलं. वच्छलानं तोंडाला पदर लावला. बिरू खाली वाकला, खरंच वाकला. म्हणाला, आक्का, आयला.

मोतीरामनं एक वळलेला कण नखावर घेतला. अंगठ्यानं चोळला. वास घेतला. मग विचारलं, आई, हे कशातून निघालं? मी म्हणाले, नदीतून. तो म्हणाला, नदीत काय घातलं होतंस?

सांगावं लागलं.

तो खाली बसला. म्हणाला, आई, हा बुरादा आहे. पितळेचा, लेथवर कातताना उडतो तो. माझ्या बुटातून रोज निघतो असा. बाबा रात्री डबा खायला मशिनीपाशीच बसायचे, घोंगडी खाली घालून. तेव्हाचा आहे.

मी म्हणाले, तू कॉम्प्युटरच्या मशिनीवर काम करतोस, तुला काय कळतं. म्हणाले, सोनं आहे. म्हणाले, पुस्तकात आहे. दाताखाली धरून बघितलं.  बिरू रुमालाचे कोपरे सारखे करत बसला. त्यानं काही तरी बोलायला पाहिजे होतं. वच्छलानं चहा आणून दिला, बशीत ओतून.

चहा झाल्यावर ते सोडलेलं प्रकरण वाचलं. एका पानाचं आहे. पितळेचं नाव दुसऱ्या ओळीत आहे.

संध्याकाळ

नानासाहेबांचं वावर खतानं भरलं, म्हणून बिरूनं तळ हलवला. घोड्यावर जाळी, भांडी, कोंबड्या लादल्या. आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. एस.टी. येईपर्यंत माझ्याशेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, आक्का, खळ मी लावून देतो, आण पुढच्या महिन्यात. मी म्हणाले, बघू. तो म्हणाला, दाजी लई गप्प माणूस. तीन साल बसून होता बघ तुझ्या पेटीत, बोलला नाही.

हसावं म्हणून बोलला. मी हसले.

घोंगडी आटून एवढीशी झाली आहे. वास नदीचा येतो. ट्रंकेतून काढली तेव्हा नदीचा वास नव्हता. तीन वर्षं मी ती झटकली नव्हती, मुद्दाम नव्हती झटकली. आता चांगली धुतली. पहिलं पाणी तर नदीतच गेलं, त्यात किती होतं कोण जाणे.

रुमालातलं पुडीत बांधलं. वजन काहीच लागत नाही.

१६ जानेवारी, रविवार

घरी. चौकाचौकात पोलीस, बाकी दुकानं उघडी.

लक्ष्मीबाई पेढे घेऊन आली. डोळे सुजलेले. म्हणाली, गेटापाशी उभी राहिले, रडले, नाचले बी. मी अन् नाचले, विचार कर. मग म्हणाली, सापडलं का सोनं? मी सांगून टाकलं सगळं. वाटलं हसेल. ती हसली नाही. गच्चीवर वाळत घातलेली घोंगडी बघून आली, खाली येऊन बसली.

म्हणाली, परवा घरी आल्यावर मला वाटलं होतं, आता हलकं वाटंल. तसलं काही नाय झालं गं. नामांतरापायी जी माणसं गेली ती गेलीच. पण नाव लागलं ते बरं झालं. लागायलाच पाहिजे होतं.

मग दोघी पेढा खात बसलो.

मोतीराम संध्याकाळी समोर येऊन उभा राहिला आणि टाकाचा विषय न काढताच गेला. मी कारण शोधून ठेवलं होतं. पौष महिना आहे. ते तसंच राहिलं.

आज निश्चय नाही.

१७ जानेवारी, सोमवार

सकाळचं आवरून एकटीच सराफ्यात गेले. चांदीचा टाक करायचा म्हणाले. सोनारानं विचारलं, पुरुषाचा का बाईचा? पुरुषाचा म्हणाले. त्यानं साचा दाखवला. घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार. मी म्हणाले, हे घोड्यावर कधी बसले नाहीत, सायकलवर जायचे. तो म्हणाला, मावशी, सायकलचा साचा नसतो.

मग घोडाच करा म्हणाले.